पोटखराबा : शिरगावच्या पाण्याची कहाणी

महसुली दप्तरातला एक शब्द वाचकांपैकी ज्यांच्या घरी थोडीफार जमीन असेल त्यांच्या परिचयाचा असेल : पोटखराबा. शेताच्या पोटात येणारी, पण लागवडीस निरुपयोगी ठरवलेली जागा, असा त्याचा अर्थ. गोव्यातील 'एक-चौदा'चा उतारा हाती घेतला तर त्यात जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर आणि मोरड असे लागवडीखालील जमिनीचे रकाने दिसतात आणि त्यांच्या पलीकडे पोटखराब्याचे 'अ' आणि 'ब' असे दोन वर्ग. ओहोळ, तळे, दलदल, झऱ्याभोवतीची ओली जागा या सर्वांची रवानगी बहुधा याच पलीकडच्या रकान्यांत होते. ज्या जागेतून सरकारास सारा मिळत नाही ती जागा खराब, ही दृष्टी मुंबई इलाख्यातील मोजणीबरोबर रूढ झाली आणि १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या मागोमाग गोव्यातही आली. नोकरीच्या काळात असे हजारो उतारे माझ्या नजरेखालून गेले. या शब्दामागे किती इतिहास गाडला गेला आहे याचा शोध मात्र निवृत्तीनंतरच घेता आला. प्रस्तुत लेख त्या शोधातून निघाला आहे आणि त्याचे केंद्र डिचोली तालुक्यातील शिरगाव हे गाव आहे.

शिरगाव म्हटल्यावर आपल्या मंडळींना प्रथम आठवते ती श्रीदेवी लईराईची जत्रा. वैशाख शुद्ध पंचमीस भरणारी ही जत्रा, व्रतस्थ धोंडांचे अग्निदिव्य आणि मोगरीच्या कळ्यांच्या माळा यांची कीर्ती गोव्याच्या सीमेबाहेर कोकणात, बेळगावात आणि मुंबईतही आहे. (३ मे २०२५ च्या पहाटे जत्रेत झालेल्या चेंगराचेंगरीमुळे गावाचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत आले, ते मात्र दुःखद कारणाने.) लईराई ही सात बहिणींपैकी एक. त्यांचा भाऊ खेतोबा. बहिणींतील केळबाई मुळगावात, महामाया मये गावात, मोरजाई पेडण्यातील मोरजीत वसली आणि मिराबाई म्हापशात जाऊन मिलाग्रिस सायबीण झाली, असे लोक सांगतात. म्हापशाची ती सायबीण आणि शिरगावची देवी यांच्यात तेलाची आणि फुलांची देवाणघेवाण आजही मानली जाते. या कथेतील एका गोष्टीकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. शिरगाव, मुळगाव आणि मये ही तीन बहिणींची तीन गावे एकमेकांना लागून आहेत, आणि एकाच डोंगररांगेच्या पाण्यावर जगत आली आहेत. भावकीची कथा आणि पाण्याची वाटणी यांचा संबंध असेलच असे मी म्हणत नाही. पण ज्या पूर्वजांनी या गावांना बहिणी ठरवले त्यांना डोंगराखालचे पाणी एकच आहे हे ठाऊक नसावे, असेही मला वाटत नाही.

या पाण्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. वर जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर, त्याखाली लोहखनिजाचे भुसभुशीत पट्टे, आणि या दोहोंच्या अंगी पावसाचे पाणी मुरवून धरण्याचा गुण. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांचे पाणी डोंगर आपल्या पोटात ठेवतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू सोडतो. शिरगावची शेती या झऱ्यांवर उभी होती. पावसाळी पीक सरद, आणि पाऊस सरल्यावर झऱ्याच्या पाण्यावर काढलेले दुसरे भाताचे पीक वायंगण. ज्या गावात वायंगण होते त्या गावात हिवाळाभर शेतांतून वीत-दोन विती पाणी उभे असते. अशा उथळ पाण्यात बेडूक, खेकडे, लहान मासे आणि किडे यांची समृद्धी होते आणि त्यांच्या मागोमाग ढोकरी, गायबगळे, खंड्या, टिटवी, पाणकोंबड्या आणि उत्तरेकडून येणारे तुतवार उतरतात. धोंडांच्या स्नानाची तळी हीदेखील याच भूजलाची लेक. व्रत, शेत आणि पाणपक्षी यांचा पोशिंदा एकच होता.

डोंगराकडून नदीकडे उतरू लागले की पाण्याचे स्वरूप बदलते. गोड्या पाण्याची शेते संपतात आणि भरतीच्या खाऱ्या पाण्याचा मुलूख सुरू होतो. मांडवी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठची नार्वे, पिळगाव, सारमानस ही गावे खाजनाची गावे होत. सारमानस या नावातच 'मानस' आहे आणि ते खाजनाच्या दारावरून पडले असावे असा माझा तर्क आहे. तो भाषाशास्त्रज्ञांनी तपासावा. संपूर्ण गोव्यात मिळून सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगितले जाते. राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेता हा आकडा लहान नाही.

खाजन म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळपास, किंबहुना पुष्कळ ठिकाणी भरतीच्या पातळीच्याही खाली असलेली, नदीपासून बांधाने तोडून घेतलेली जमीन. चिखलमाती, पेंढा, बांबू आणि जांभा दगड एवढ्या सामग्रीवर हे बांध उभे राहिले. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांची दारे. हीच मानस. तिच्या झडपा अशा बसवलेल्या असतात की भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की त्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ लागले की आपोआप उघडतात. माणसाने फक्त लक्ष ठेवायचे. मानशीच्या आत खोलगट पात्र असते, त्यास पोय म्हणतात. शेतातले जादा पाणी पोयीत उतरते आणि तेथून नदीत. बांधाच्या बाहेरच्या अंगास कांदळवन राखलेले असे, कारण लाटांचा मारा त्याच्या मुळांवर जिरतो आणि बांध वाचतो. पावसाळ्याच्या तोंडावर शेतातली ढेकळे उघडी पडू देत. पहिल्या सरींनी त्यांतले मीठ विरघळले की ते पाणी ओहोटीबरोबर काढून टाकत आणि मग खारेपणा सोसणारे कोरगुट किंवा आसगो जातीचे भात पेरत. पीक निघाल्यावर खारे पाणी बेताने आत घेत, आणि त्याबरोबर मासळी येई : काळुंदर, शेवटे, चोणकूळ, सुंगटे, खेकडे. रात्रीच्या ओहोटीस मानशीच्या तोंडाशी जाळे लावून, वर कंदील टांगून ही मासळी धरीत. हा धरण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जाई. गोव्यात लिलावास 'पावणी' म्हणतात. पावणीच्या पैशातून बांधाची डागडुजी होई.

एवढे तपशील देण्याचे कारण असे की, निसर्गसंरक्षण म्हणजे माणसाला कुंपणाबाहेर ठेवणे, ही जी कल्पना आपण पाश्चात्त्य पुस्तकांतून उचलली ती या मुलखाला लागू पडत नाही. खाजन ही पाणथळ माणसाने घडवलेली आहे आणि माणसाने दर पंधरवड्याला तिच्याकडे पाहिले नाही तर ती टिकत नाही. तिच्यात भात पिकले तेव्हाच बदके उतरली. पोयीत मासळी राहिली तेव्हाच ऊद राहिले. आजही चोडण आणि आसपासच्या खाजनांत ऊद दिसतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत आणि त्या काठच्या भोम आदी गावांतून पौषातल्या अमावास्येला 'मांगे थापणी' होते. शेताच्या बांधावर चिखलाची मगर थापायची, तिला शिंपल्यांचे डोळे लावायचे आणि तिची पूजा करायची. ज्या प्राण्याचे भय त्याचीच पूजा, हे आपल्याकडे नवीन नाही. नागपंचमी आपण सारेच करतो. तथापि, बांध राखणारा आणि मगर पूजणारा माणूस एकच आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते. मगर बांधाजवळ बसते, मगर असलेल्या पाण्यात चोरून जाळे टाकण्यास सहसा कोणी धजत नाही, आणि बांध फोडून मासे पळवणाऱ्यालाही चार वेळा विचार करावा लागतो.

या व्यवस्थेचा मालक कोण, हा प्रश्न इतिहासाचा आहे. गावकरी ही गोव्याची फार जुनी संस्था. जमीन गावाची, ती आलटून पालटून कसायची, उत्पन्नातून देऊळ, बांध, वाट, तळी यांचा खर्च काढायचा आणि उरलेले गावकऱ्यांत वाटायचे. पोर्तुगीज आल्यावर १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने या रूढींची लेखी नोंद करून त्यांना मान्यता दिली. सत्ताधीश परका होता, पण बांध राखणारी यंत्रणा मोडली तर सारा बुडेल एवढे व्यवहारज्ञान त्यास होते. पुढे या संस्थांना कोमुनिदाद हे नाव मिळाले आणि त्यांच्यावर संहितांमागून संहिता लादल्या गेल्या. त्या कंटाळवाण्या तपशिलात येथे शिरत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे.

डिचोलीची गोष्ट जुन्या काबिजादींहून वेगळी आहे. हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कायमचा पोर्तुगीजांकडे गेला. तोवर तो सावंतवाडीकर भोसल्यांच्या आणि त्याआधी इतर सत्तांच्या अमलाखाली होता. त्यामुळे येथली देवळे वाचली आणि त्यांबरोबर देवळांच्या तळ्या, राया आणि पाण्याच्या वाटाही वाचल्या. जुन्या काबिजादींतून हाकललेले देव नदी ओलांडून इकडे आले. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर सोळाव्या शतकात नार्व्यास आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले, हा प्रसंग वाचकांस ठाऊक आहेच. दिवाडीहून नार्व्यास येताना जी खाडी ओलांडावी लागते तिच्या दोन्ही काठांना खाजने आहेत. देव ज्या वाटेने आला ती वाट पाणथळीतून जाते. इतिहासकारांनी देवळाच्या शिलालेखाकडे जेवढे पाहिले तेवढे या वाटेकडे पाहिले नाही, एवढेच सुचवायचे आहे.

गोवा मुक्त झाला आणि १९६४ साली कुळकायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीचा मालक मानले. हा कायदा न्याय्य होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या माणसाला स्वतःचे शेत मिळाले. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेताचा तुकडा होता, बांध नव्हता. तुकडा एकाचा होऊ शकतो, बांध एकाचा होऊ शकत नाही. १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संयुक्त जबाबदारीची तरतूद केली आणि कुळसंघ स्थापन झाले खरे. पण गावकरीच्या हाती जी दंडाची, रूढीची आणि देवाच्या धाकाची सत्ता होती ती या संघांच्या हाती आली नाही. पावणी मात्र चालू राहिली आणि पुष्कळ ठिकाणी तिचा रोख बदलला. पूर्वी भातासाठी मासळी होती, आता मासळीसाठी भात मागे पडले. खारे पाणी आत ठेवण्यात लाभ अधिक म्हणून मानस वेळी-अवेळी उघडी राहू लागली. बांध फुटले, कोणी सांधले नाहीत आणि शेतांत कांदळवन उगवले. कांदळ हे मौल्यवान झाड, ते तोडण्यास बंदी हे योग्यच. परंतु आपल्याच शेतात उगवलेल्या कांदळापुढे हतबल होऊन उभा राहिलेला शेतकरी आणि त्याच कांदळात नवे पाखरू पाहून हरखलेला पक्षिनिरीक्षक, दोघेही खरे बोलत असतात. या पेचाचा निकाल एका वाक्यात लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

नदीकाठी हे चालले असता डोंगरावर दुसरे काही चालले होते. पोर्तुगीज अमदानीत दिल्या गेलेल्या खाणींच्या सनदा १९५० नंतर जपानला होणाऱ्या निर्यातीमुळे फळास आल्या. मुक्तीनंतरही त्या चालू राहिल्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाल्याचे मानण्यात आले. चालू शतकाच्या आरंभी चीनची मागणी वाढली आणि उत्पादनास उधाण आले. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती उकरून बाजूला टाकावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे डोंगराखालच्या शेतांत पावसाबरोबर काय उतरत असेल याची कल्पना येईल. तांबडा गाळ भाताच्या मुळांवर बसला की जमीन सिमेंटसारखी घट्ट होते. त्यात बेडूकही जगत नाही. तोच गाळ ओहोळावाटे पोयीत आणि नदीत जातो. शिवाय खनिज वाहणाऱ्या बार्जी मांडवीतून मुरगाव बंदराकडे जात, त्यांच्या लाटा खाजनाच्या बांधांवर आदळत.

तथापि शिरगावचे दुःख गाळापुरते नव्हते. वर म्हटल्याप्रमाणे येथे खनिज हेच पाणी धरणारे पोट आहे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खंदकात पाणी येते. ते उपसल्याशिवाय खनिज निघत नाही आणि उपसा सुरू झाला की आसपासच्या विहिरींचे आणि झऱ्यांचे पाणी खंदकाकडे ओढले जाते. शिरगावचे फार मोठे क्षेत्र तीन खाणपट्ट्यांत गेले होते. गावच्या विहिरी आटल्या, झरे मंदावले, वायंगण संपले. ग्रामस्थांनी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे दाद मागितली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने गावाची पाहणी केली आणि खाणींची खोली व उपसा यांचा परिणाम गावाच्या पाण्यावर झाल्याचे दाखवले. जे गावातली म्हातारी माणसे दहा वर्षे सांगत होती ते नकाशा-आलेखांसह कागदावर आले, एवढाच फरक. पण सरकारदरबारी तो फरक लहान नसतो.

पुढचा घटनाक्रम बहुतेकांना माहीत आहे. शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षास २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घालून त्या अटींसह पुन्हा सुरू होण्याची वाट मोकळी केली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यात कामे पुन्हा बंद झाली. खाणीवर पोट असलेल्या हजारो घरांवर त्यामुळे संकट आले. ट्रकवाले, बार्जवाले, छोटे गॅरेजवाले यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत आणि पक्ष्यांच्या गोष्टी सांगताना ते विसरणे बरे नव्हे.

आता याच काळातील दुसरा धागा. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८२ साली भारत त्यात सामील झाला. गोव्याने १९८८ साली चोडण बेटाच्या पश्चिम टोकाचे १.७८ चौरस किलोमीटरचे कांदळवन पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले आणि आदल्याच वर्षी निवर्तलेल्या डॉ. सलीम अली यांचे नाव त्यास दिले. १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. कोकण रेल्वेचा मार्ग करमळीच्या तळ्याजवळून नेण्यावरून वाद झाला. ते तळे पावसाचे पाणी साठवून खालच्या शेतांना देण्यासाठी पूर्वजांनी बांधलेले, आणि हिवाळ्यात अडई, तलवार बदक, भुवई बदक यांनी गजबजणारे. १९९८ साली पूर्ण मार्गावर रेल्वे धावू लागली. तळेही राहिले आहे. २०११ च्या किनारा अधिसूचनेत गोव्यातील खाजनांसाठी वेगळी तरतूद झाली आणि २०२२ साली कुडचडे येथील ४२ हेक्टरांचे नंदा तळे हे गोव्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. (महाराष्ट्रात तो पहिला मान नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरास मिळाला. तेही बंधाऱ्यामुळे निर्माण झालेले पाणी.) करमळी काय, नंदा काय, दोन्ही ठिकाणी दारे आहेत, दारांमागे शेते आहेत आणि पाणी केव्हा सोडायचे याचे गणित भाताच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे.

असे असता २०१७ च्या पाणथळ नियमांची व्याख्या वाचून मी थक्क झालो. नदीचे पात्र, भातशेते, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी, तसेच सिंचन, मत्स्यशेती, मीठ आणि करमणूक यांसाठी खास उभारलेली बांधकामे ही पाणथळ धरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. रामसरच्या मूळ व्याख्येत मानवनिर्मित पाणथळींना स्थान आहे. आपण ते काढून घेतले. म्हणजे वायंगणाचे शेत पाणथळ नव्हे. बांधून काढलेली तळी 'नैसर्गिक' नव्हे. महसूल खाते ज्याला शेत म्हणते ते पर्यावरण खात्याच्या लेखी पाणथळ नाही, आणि महसूल खाते ज्याला पोटखराबा म्हणते त्याला कोणी वाली नाही. नियम करणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. देशातले प्रत्येक भातशेत पाणथळ ठरवले तर शेतकऱ्यास विहीर खणणेही कठीण होईल. पण कोकण-गोव्याच्या पट्ट्यात या वगळण्याने नेमके तेच निसटते ज्याचे रक्षण करायचे.

येथे थोडे दूर जाऊन अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. इलिनॉय नदीकाठी गवताळ मैदानात एमिक्वॉन नावाची जागा आहे. तेथे थॉम्प्सन आणि फ्लॅग ही दोन मोठी तळी होती. बदकांसाठी आणि मासळीसाठी ती प्रसिद्ध. १९२० च्या दशकात बांध घालून, पंप लावून ती कोरडी केली गेली आणि तेथे मका व सोयाबीन पिकू लागले. २००० साली एका निसर्गसंरक्षक संस्थेने ती जमीन विकत घेतली आणि २००७ मध्ये पंप थांबवले. पुढे काय करायचे याचे मोठमोठे आराखडे होते, पण मुख्य काम पंपाचे बटण बंद करण्याचे होते. पाणी वर आले, जुनी तळी आपल्या जुन्या जागी भरली, पाणवनस्पती उगवल्या आणि पाखरांचे थवे परतले. भोवतीच्या उंच जागेत गवताळ मैदानाची झाडे-गवते पुन्हा लावण्यात आली. २०१२ साली त्या प्रदेशास रामसरचा दर्जा मिळाला. यातला मला आवडलेला भाग त्यापुढचा आहे. नुसते पाणी भरून भागेना. पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वर-खाली झाल्याशिवाय उथळ चिखल उघडा पडत नाही आणि चिखलाशिवाय तुतवारांना खाद्य नाही. म्हणून २०१६ साली त्यांनी नदी आणि तळे यांच्यामध्ये दारे असलेले बांधकाम केले. पिळगावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास विचारले असते तर त्याने ही मानस आधीच सुचवली असती.

शिरगावातही खाणींच्या बंदीने पंप थांबले. खंदक पाण्याने भरले. दूरवरून पाहणाऱ्यास ते हिरवे-निळे पाणी सुंदर दिसते आणि कोणी कोणी त्यास 'नवे तळे' म्हणू लागले आहेत. या शब्दप्रयोगास माझा विरोध आहे. खंदकाच्या कडा सरळ उतरतात. काठावर उथळ पाणी नाही, गवत नाही, चिखल नाही. बगळ्याला पाय टेकायला जागा नाही. रामसरच्या व्याख्येतही समुद्राच्या पाण्याला ओहोटीच्या वेळी सहा मीटरांची मर्यादा घातलेली आहे. पाणथळीचा जीव उथळपणात असतो हे त्यातून कळावे. शिवाय पावसाळ्यात हे खंदक भरून वाहू लागले तर खालच्या वस्तीचे काय होईल, ही धास्ती डिचोली तालुक्यातील गावांना दरवर्षी असते. उन्हाळ्यात याच खंदकांतले पाणी नळयोजनांना पुरवठा म्हणून घेतले जाते. म्हणजे ते निरुपयोगी नाही. पण झऱ्याचे पाणी खंदकात साठवून पुन्हा पंपाने माणसांपर्यंत आणणे ही मूळ व्यवस्थेची केवढी महागडी नक्कल आहे!

डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे नवे लिलाव झाले. त्यांत डिचोली, शिरगाव-मये, मोंते द शिरगाव आणि काले असे चार गट होते. म्हणजे चारांपैकी दोन गटांना शिरगावचेच नाव आहे. खाणी पुन्हा चालाव्यात की नाही याचा निर्णय शासन आणि न्यायालये यांच्याकडे आहे आणि त्यावर मतभेद राहणारच. प्रश्न त्याहून लहान आणि अधिक तातडीचा आहे. डोंगराच्या पायथ्याशी आज किती झरे वाहतात, कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात, कोणत्या तळीला कोणत्या झऱ्याचे पाणी येते, याची नोंद उपसा पुन्हा वाढण्यापूर्वी झाली पाहिजे. नोंद नसेल तर उद्या झरा आटल्यावर तो होता हे सिद्ध करण्यातच दहा वर्षे जातील. गेल्या खेपेस तेच झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. पाणथळ नियमांच्या व्याख्येत जे बसत नाही ते या नोंदवहीत खुशाल बसते : शेत, तळी, पोय, ओहोळ, सगळे. दुसरे असे की, खाण बंद करतानाचा आराखडा देणे पट्टेदारास बंधनकारक आहे. त्या आराखड्यात खंदकाची निदान एक बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी उतरती करून उथळ काठ तयार करण्याची अट ग्रामसभेने सुचवावी. हे खर्चिक आहे, अशक्य नाही.

नोंदीच्या कामात आपल्या घराण्यांकडे असलेली एक सामग्री उपयोगी पडेल. नव्या काबिजादींतील देवस्थानांचे आणि गावकरीचे जमाखर्च पुष्कळ काळ मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात. बांधाच्या डागडुजीचा खर्च, मानशीची पावणी कोणास किती रकमेस गेली, तळी उपसण्याची मजुरी, झऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या, असे उल्लेख या कागदांत सहज सापडतात. आणि महत्त्वाचे म्हणजे त्या त्या जागेचे नाव सापडते, जे एक-चौदाच्या उताऱ्यात पोटखराबा म्हणून पुसले गेले आहे. ज्यांचे पूर्वज महाजन, गावकर, कुळकर्णी किंवा देवस्थानचे हिशेबनीस होते त्यांनी माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. कागद वाचता आला नाही तरी त्याचे छायाचित्र घ्यावे. त्यावर गावाचे नाव आणि सापडलेली जागा लिहावी आणि मोडीच्या जाणकाराकडे द्यावा. मूळ कागद मात्र कोणास देऊ नये, आणि वाळवी लागली आहे म्हणून जाळूही नये.